मत वाया गेलं नाही, बाबा

मॅरिएटा, जॉर्जिया
13 डिसेंबर 2020

तीर्थरूप आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबा एकदम गप्प झाले आणि "आमटी उतू जातेय" म्हणून आईने फोन ठेवला. तुझा आवाज भरून आला होता, आई, ते मला कळलं. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर मी भराभरा बोलते आणि बाबांना निम्मंच ऐकू येतं.

आधी आईसाठी. पिस्तूल घेतल्याचं दोन वर्षं तुझ्यापासून लपवलं, ती माझी चूक. पण ते भिंतीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत असतं. पेटी माझ्या नाहीतर तुझ्या जावयाच्या बोटाच्या ठशानेच उघडते, आणि चिऊचा हात स्टुलावर चढूनही पोचणार नाही इतकी उंच आहे. हे रात्रपाळीला असताना शेजारच्यांचं मागचं दार फोडलं, ती रात्र तुला कधी सांगितलीच नाही. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं मी चिऊला पोटाशी धरून बाथरूममध्ये बसले होते. त्यानंतर रीतसर शिकले आणि मगच घेतलं. इथे ते जगावेगळं नाही गं. शेजारच्या केनेसॉ गावात तर 1982 पासून घरटी एक बंदूक असावी असा नगरपालिकेचा कायदाच आहे, सक्ती कुणी करत नाही इतकंच.

आता बाबा. राष्ट्राध्यक्षपदासाठी मी ट्रम्प-बायडन दोघांना सोडून लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या जो जॉर्गेन्सन बाईंना मत दिलं, त्यावर "मत वाया घालवलंस" हे तुमचे शब्द मला लागले. 12 ऑक्टोबरला, मतदान सुरू झालं त्याच दिवशी, मी सात तास रांगेत उभी होते. पाण्याची बाटली, डबा, डोक्याला ओढणी, सगळं नेलं होतं, उपाशी नव्हते. इतकं उभं राहून कुणी मत वाया घालवायला जात नाही. बायडन इथे फक्त 11,779 मतांनी पुढे राहिले आणि आमच्या जॉर्गेन्सन बाईंना 62 हजारांवर मतं पडली, म्हणून मंडळातले दोन्हीकडचे लोक आमच्यावर चिडलेत. चिडू देत.

ट्रम्पना का नाही, हे नीट सांगते. 2017 मध्ये लास वेगासला गाण्याच्या कार्यक्रमावर त्या माणसाने गोळ्या झाडल्या, तेव्हा मीही रडले होते. बंदुकीतून गोळ्या झरझर सुटाव्यात म्हणून त्याने बंप स्टॉक नावाचं एक जोडकाम लावलं होतं. ते नको असं इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून ठरवलं असतं, तर मी निमूट मानलं असतं. पण तसं झालं नाही. ट्रम्प सरकारच्या खात्याने जुन्या कायद्याचा अर्थ फिरवला, आणि ज्यांनी दुकानातून उघडपणे ते विकत घेतलं होतं त्यांना सांगितलं, मार्च 2019 पर्यंत मोडून टाका किंवा जमा करा, नाहीतर गुन्हेगार ठराल. आधी बंदुका काढून घ्या, कोर्टाचं मागाहून बघू, अशा अर्थाचं ट्रम्प 2018 मध्ये सगळ्यांसमोर बोललेही होते. बायडन म्हणतात, अमुक रायफलींची विक्रीच बंद, आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सरकारला विकाव्यात नाहीतर नोंदवाव्यात. एकाने मतं बंदूकवाल्यांची घेतली, दुसऱ्याने त्यांच्या विरोधातली. हक्क म्हणजे सरकारची मेहेरबानी, हे मात्र दोघांचंही धरलेलं.

हे मला इथे कुणी शिकवलं नाही. नानांची ठासणीची बंदूक आठवते ना? निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप यायचा, बंदूक जमा करा. नानांनी उभ्या जन्मात वानरांवर आणि डुकरांवर सोडून बार काढला नव्हता, तरी ते बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने जायचे. परत मिळेपर्यंत वानरं नारळ खाली पाडायची आणि नाना पडवीत बसून नुसते बघायचे. त्यांच्या मांडीवर बसून मी विचारलं होतं, "नाना, आपण काय केलं?" त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला, उत्तर दिलं नाही.

आणि 1991 साल? आपले खासदार मधू दंडवते पडणार हे आख्खी वाडी म्हणत होती. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून केंद्रावर नेलंत आणि त्यांच्याच चक्रावर शिक्का मारून आलात. आई, तेव्हा तूसुद्धा भांडली होतीस त्यांच्याशी. ते मत वाया गेलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाबा, तुम्हाला दुखवायला नाही लिहीत हे. तुमचंच बोट धरून तिथवर गेले, एवढंच.

मे महिन्याची तिकिटं रद्द करावी लागली ते अजून सलतं. ऑक्सिमीटर पाठवलाय, त्याला बॉक्समध्ये ठेवून देऊ नका. रोज सकाळी दोघांचा आकडा वहीत लिहा. 94 च्या खाली गेला तर मला फोन करण्याआधी डॉक्टरांना करा. आई, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवेल तेव्हा नाही. बाजारात कुणी जायचं नाही, मासेवालीला दारात बोलवा आणि तिलाही मास्क द्या. न्हाणीघरात रबरी चटई आजच घाला.

इथे सिनेटसाठी 5 जानेवारीला पुन्हा मतदान आहे. आमचा तिसरा माणूस दोन टक्क्यांवर गेला आणि कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, म्हणून. या खेपेला त्याचं नाव नाही, आणि काय करायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. आदल्या रात्री तुम्हाला फोन करीन, तेव्हा रागावून गप्प बसू नका.

तिकडे ग्रामपंचायत लागली म्हणे, म्हणजे बंदूक जमा करायचा निरोप आलाच असेल. बाबा, या दिवसांत एसटीने जाऊ नका, दादाला गाडी काढायला सांगा. आणि जमा केल्याची पावती मागून घ्या, नंबर नीट तपासून.

तुमची,
बाय