ऐकायचं कुणाचं, दीक्षितांचं की दिवेकरांचं?

संपादक साहेब, नमस्कार.

कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर हल्ली चालणं कमी अन् डाएटची चर्चाच जास्त. एक म्हणतो डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं करा, दिवसात दोनदाच जेवा तेही ५५ मिनिटांत, दुसरी म्हणते आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. कीटो, म्हणजे भरपूर फॅट अन् अगदी कमी कार्ब्सचं (कर्बोदकांचं) डाएट, तर १९२० च्या दशकात फिट्सच्या पेशंटसाठी निघालेलं, दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब्स, म्हणजे दोन भाकरीत कोटा खलास! मी १६ तास उपास ८ तास खाणं केलं, चार किलो उतरले, पण खरं सांगू का, रात्रीचं फरसाण सुटलं म्हणून. शुगरची गोळी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच उपाशी राहा, शेजारच्या काकांना चक्कर आली होती. रविवारची मिसळ चालूच आहे, पाव एकच, तर्री सोडत नाही.

एक वाचक, नाशिक