स्क्रीन पाहून मान हलवली म्हणजे डिझाइन तपासलं असं होत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

एखादं सरकारी पोर्टल ऐन शेवटच्या तारखेला बसलं की आपल्या पेपरात बातमी येते, आणि बातमीत कारण बहुतेक वेळा एकच असतं, सर्व्हर डाऊन. मी नागपुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते आणि मला हे कारण अर्धवट वाटतं म्हणून लिहून राहिली आहे. सर्व्हर बसतो हे खरं, पण शेवटच्या दिवशी गर्दी होणार हे तर सगळ्यांनाच माहीत असतं ना. त्या गर्दीसाठी डिझाइनमध्ये काय सोय केली हे कोड लिहायच्या आधी कोणी विचारलं होतं का, खरा प्रश्न हा आहे.

आमच्या धंद्यात होतं कसं, की क्लायंटकडून गरजांची यादी येते, मग डिझाइन बनतं, म्हणजे माहिती कुठं साठवायची आणि काम कसं चालायचं याचा आराखडा, मग एक मीटिंग होते आणि त्यात मोठ्या पडद्यावर स्क्रीन दाखवतात. सगळे स्क्रीनच बघतात. बटण हिरवं हवं की निळं, लोगो थोडा मोठा करा, यावर तासभर जातो आणि शेवटी सगळे म्हणतात छान आहे, करा सुरू. गरजांचा कागद त्या टेबलावर नसतोच! आणि ज्या गरजेला स्क्रीनच नसते, म्हणजे नेट गेलं तर अर्ध्या भरलेल्या फॉर्मचं काय, एकाच वेळी हजारो लोक आले तर काय, कोणाची माहिती कोणाला दिसू नये, रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं, या सगळ्या गरजा तिथंच गळतात, कारण बघायला काही नसतं. एका सेवेच्या ॲपच्या कागदावर ‘कमी नेटवर्कमध्ये चालावं’ असं साफ लिहिलेलं होतं, पण डिझाइनमध्ये अर्धा फॉर्म सेव्ह करायची जागाच नव्हती, आणि मग खेड्यातली माणसं तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरत बसली.

तपासलं तर काय होतं तेही सांगते. संत्रा उत्पादकांसाठी हिशोबाचं ॲप बनत होतं. गरजेत लिहिलं होतं, बहारनिहाय नफा-तोटा दिसावा, म्हणजे आंबिया अन् मृग या फळाच्या दोन हंगामांचा वेगवेगळा. डिझाइनमध्ये रिपोर्ट होता, दिसायला फार सुंदर, पण तो एप्रिल ते मार्च असा आर्थिक वर्षाचा. आता आंबिया बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतं, म्हणजे ताणाचा (फूल यावं म्हणून झाडाचं पाणी तोडतात त्याचा) अन् फवारणीचा सुरुवातीचा खर्च एका आर्थिक वर्षात आणि पैसा पुढच्या वर्षात. आम्ही कोड सुरू व्हायच्या आधी गरजांचा कागद एका हातात घेऊन डिझाइन ओळीनं लावत होतो तेव्हा ते अडकलं. कोणीतरी म्हणालं, तारखेवरून बहार ओळखून घेऊ, सोपं आहे. काटोलकडचे एक शेतकरीभाऊ मुद्दाम बोलावले होते, ते म्हणाले, "मॅडम, फेब्रुवारीत एका बगीच्यात मृगाची तोड चालू असते अन् दुसऱ्यात आंबियाले फूल धरून राहिलं असते, मंग त्या दिवशीची मजुरी कोन्त्या बहाराची हे तारखेवरून कसं कळन?" विषय संपला. खर्चाच्या टेबलात, म्हणजे नोंदी साठवायच्या तक्त्यात, बहाराचा एक कॉलम आला, एन्ट्रीच्या वेळी एक पर्याय आला. हेच ॲप शेतकऱ्यांच्या मोबाईलमध्ये गेल्यावर कळलं असतं तर आधी भरलेल्या सगळ्या नोंदींना बहार कोण लावणार होतं?

मोठमोठ्या ठिकाणीही हेच झालेलं आहे. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उडाल्यावर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे एक आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही आणि यंत्रणाच बंद पडली. चौकशीत निघालं की एरियान ५ च्या मार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या गरजांमध्ये घेतलीच नव्हती, आणि ज्या भागात ही गडबड झाली त्याचं उड्डाणानंतर नव्या रॉकेटला कामच नव्हतं. आपल्याकडे ‘मागच्या प्रोजेक्टचं मॉड्यूल तसंच घेऊ, चालू आहे ना ते’ म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. त्याच्या उलट १९९९ चं नासाचं मंगळावर पाठवलेलं यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. तिथं मेट्रिक एकक वापरायचं हे लिहिलेलं होतं, तरी जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरनं पाउंड या इंग्रजी एककाच्या हिशोबात आकडे दिले आणि यान हातचं गेलं. एका ठिकाणी गरज लिहिली नव्हती, दुसऱ्या ठिकाणी लिहिलेली कोणी लावून पाहिली नाही.

यासाठी काही महागडं टूल लागत नाही हो. साधी एक्सेल शीट पुरते. प्रत्येक गरजेला नंबर द्या आणि समोर लिहा की डिझाइनमध्ये ती नेमकी कुठं आहे, कोणत्या टेबलात, कोणत्या स्क्रीनवर. समोरचा रकाना रिकामा राहिला की थांबा. मग उलटं करा, डिझाइनमधली प्रत्येक गोष्ट कोणत्या गरजेसाठी आहे ते विचारा, कारण न मागितलेल्या गोष्टीही पुष्कळ घुसलेल्या असतात. ‘फास्ट चालावं’ अशी गरज असेल तर ती तपासताच येत नाही, किती सेकंदांत आणि किती लोक एकत्र असताना, हे आधी लिहून घ्या. आणि तपासणारा माणूस डिझाइन करणारा नको, आपल्याच कामातली भोकं आपल्याला दिसत नाहीत. काउंटरवर रोज बसणारा क्लार्क त्या खोलीत पाहिजेच, साहेब नसले तरी चालेल.

लोक म्हणतात आम्ही अजाईल (सॉफ्टवेअर थोडं थोडं करून बनवायची पद्धत) करतो, आमच्याकडे असं नसतं. अजाईलमध्ये सगळं एकदम न तपासता दोन-तीन आठवड्यांच्या कामापुरतं तपासायचं, इतकाच फरक आहे, न तपासण्याची सूट त्यात कुठंच नाही. गरजा मध्येच बदलतात हेही मान्य, पण शीट असेल तर कुठं हात लावायचा ते तरी कळतं. अन् आता एआय भराभर कोड लिहून देतं म्हणून तर हे जास्त लागणार, चुकीचं डिझाइन असेल तर तेही तितक्याच भराभर उभं राहतं.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये पैशाचे हप्ते ठरलेले असतात, त्यात डिझाइन गरजांशी ताडून पाहिल्याचा एक वेगळा हप्ता ठेवा आणि ती शीट लोकांना बघायला खुली करा, पैसा लोकांचाच आहे. आणि आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टला कोडच्या आधी ही तपासणी घ्यावी. आत्ता बऱ्याच ठिकाणी पोरं आधी कोड करतात आणि व्हायव्हाच्या आधल्या रात्री गरजांचा चॅप्टर लिहितात, कोडमध्ये जे झालं तेच गरज म्हणून. हीच पोरं पुढे इथल्याच मिहानमधल्या कंपन्यांत नाहीतर पुण्यात जाऊन तेच करतात.

आणि संपादक साहेब, आपल्या रिपोर्टरना एक विनंती. पुढच्या वेळी पोर्टल बसलं की त्या ऑफिसला सर्व्हरबद्दल विचाराच, पण याचं डिझाइन गरजांच्या यादीशी कोणी लावून पाहिलं होतं, कोणत्या तारखेला, आणि तो कागद दाखवता का, हेही विचारा आणि उत्तर छापा.

आपली,
एक सॉफ्टवेअर टेस्टर, त्रिमूर्ती नगर, नागपूर