बदामच्या दुर्रीसकट जिंकलेल्या डावाबद्दल, काकूंना

प्रिय काकू,

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही माझ्या ज्या चुका काढल्यात त्या पोकर नव्याने शिकणारे बहुतेक जण करतात, फक्त त्यांच्या शेजारी तुम्ही बसलेल्या नसता.

तो होल्डेमचा पहिला डाव आठवतोय ना? म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, आणि या सातांतून जुळणारे सगळ्यात भारी पाच पत्ते म्हणजे आपला 'हात'. टेबलावर बदामचे चार पत्ते होते: राजा, नव्वी, छक्की, तिर्री. पाचवी किलवरची सत्ती. तुमच्याकडे बदामचा गुलाम आणि दश्शी, माझ्याकडे बदामची राणी आणि दुर्री. मी पत्ते उघडे केले, तुमचे बघितले आणि मनातल्या मनात हरले. तुमचे दोन्ही पत्ते दणकट, माझी राणी बरी, पण सोबतीला ती केविलवाणी दुर्री. मी पत्ते गोळा करून सरकवायला निघाले तोच तुम्ही म्हणालात, "अगं थांब, डाव तुझा आहे." आणि डावावर लावलेल्या सगळ्या चकत्या, म्हणजे चिप्स, माझ्याकडे ढकलल्यात.

गप्प बसला असतात तर त्या तुमच्याच झाल्या असत्या. मी विचारलं तर म्हणालात, "पत्ते उघडे पडले की पत्तेच बोलतात. आपण काय समजलो याला किंमत नाही."

मग शिकवलंत. दोन फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) समोरासमोर आले की बेरीज करायची नाही, वरून एकेक पायरी उतरत यायचं. सगळ्यात मोठा पत्ता: राजा, तो टेबलावरचा, दोघींचाही. पुढचा: माझी राणी, तुमचा गुलाम. झाला निकाल. तुमच्या दश्शीला कोणी विचारलंच नाही, आणि माझी दुर्री तर पाचात आलीही नव्हती. माझा हात होता राजा, राणी, नव्वी, छक्की, तिर्री.

घरी येऊन मी यावर बराच विचार केला, आणि एक गोष्ट लक्षात आली जी तुम्ही मुद्दाम सांगितली नव्हतीत, बहुधा मला सापडावी म्हणून. टेबलावरचे पत्ते सामायिक असतात. तेव्हा टेबलावर त्या रंगाचे तीन किंवा चार पत्ते असतील आणि दोघांचाही साधा फ्लश असेल, तर ज्याच्या हातात त्या रंगाचा मोठा पत्ता, तो जिंकला. हातातला दुसरा पत्ता कितीही भारी असो. एक्का आणि दुर्री धरणारा राजा-राणीवाल्याला आरामात हरवतो. अपवाद एवढाच की कोणाचे पाच पत्ते सलग आणि एकाच रंगाचे जुळले, तर तो स्ट्रेट फ्लश, त्याच्यापुढे एक्काही चालत नाही.

आता दुसरा डाव, ज्यात मी आरडाओरडा केला. त्याबद्दल आधी माफी.

टेबलावर पाचही इस्पिक: एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी. माझ्याकडे इस्पिकची तिर्री, समोरच्या दादाकडे इस्पिकची दुर्री. मी तावातावाने म्हटलं, तिर्री मोठी, पॉट (डावावरच्या सगळ्या चिप्स) माझा! तुम्ही शांतपणे टेबलावरच्या पंजीवर बोट ठेवलंत. "या पाचांतल्या सगळ्यात लहान पत्त्याला तुझी तिर्री हरवते का?" नाही. "मग ती खेळात नाही. हात पाच पत्त्यांचा असतो, सहावा पत्ता नसतोच." दोघांचा फ्लश तोच, टेबलावरचा. पॉट अर्धा-अर्धा. माझ्याकडे तिर्रीऐवजी इस्पिकची छक्की असती तर तिने पंजीला बाहेर काढलं असतं आणि अख्खा पॉट मी घेतला असता.

यावर मी शेवटचा हुकमी मुद्दा काढला होता: इस्पिक सगळ्यात वरचा रंग ना? तुम्ही हसलात, पण टर उडवली नाहीत. ही समजूत ब्रिजमधून येते, हे तेव्हा कळलं. ब्रिजच्या बोलीत किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा चढता क्रम आहे. (इंग्रजी नावांचा वर्णानुक्रमही नेमका तोच, त्यामुळे लक्षात राहतो.) पोकरमध्ये हात ठरवताना चारही रंग सारखे. स्टडसारख्या पोकरच्या दुसऱ्या प्रकारांत पहिली बोली कोणावर येते, किंवा सुरुवातीला डिलर कोण हे पत्ता ओढून ठरवायचं, अशा किरकोळ कामांपुरता रंगांचा क्रम वापरतात, तेवढंच.

शिवाय होल्डेममध्ये "इस्पिकचा फ्लश मोठा की बदामचा" हा प्रश्न उभाच राहू शकत नाही. हातात दोनच पत्ते, म्हणजे फ्लशसाठी त्या रंगाचे किमान तीन टेबलावर हवेत. दोन वेगळ्या रंगांना तीन-तीन असे सहा लागतील, आणि टेबलावर असतात पाच. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला स्वतःचं हसू आलं. इतकी वर्षं ज्यावरून भांडायची तयारी ठेवली होती ते भांडण होणंच शक्य नव्हतं!

ते भांडण होऊ शकतं ते फाइव्ह कार्ड ड्रॉ या पोकरच्या प्रकारात, जिथे प्रत्येकाचे पाचही पत्ते स्वतःचे असतात. तुम्ही दिलेला हिशेब मी कागदावर करून बघितला. ५२ पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात निघतात. त्यांत स्ट्रेट फ्लश वगळून फ्लश ५,१०८. एकेका रंगात १,२७७, आणि त्यांतले ४९३ एक्क्याचेच, म्हणून फ्लश लागला की दुसरा-तिसरा पत्ता तपासायची वेळ वरचेवर येते. प्रत्येक फ्लशला दुसऱ्या तीन रंगांत हुबेहूब जुळी भावंडं आहेत. अशी दोन भावंडं समोरासमोर आली तर पॉट वाटायचा, मग एक चौकटचं असो की दुसरं इस्पिकचं.

ओमाहा या हातात चार पत्ते मिळणाऱ्या पोकरच्या प्रकाराबद्दल तुम्ही जाता जाता एकच वाक्य टाकलं होतंत, "तिथे फ्लशची बरोबरी होतच नाही." कारण शोधायला मला दोन दिवस लागले. तिथे हातातले बरोब्बर दोन पत्ते वापरावेच लागतात, आणि तुमचे दोन माझे असू शकत नाहीत. टेबलावर पाच बदाम पडले तरी हातात एकच बदाम असेल तर फ्लश नाही. बरोबर आहे ना? चुकलं असेल तर पुढच्या वेळी सांगा.

राहता राहिली ती एक चिप. इस्पिकचा पॉट वाटताना एक चिप जास्तीची उरली होती, आणि तुम्ही ती दादाला दिलीत, कारण डिलरच्या डावीकडून मोजलं तर आमच्या दोघांत त्याचा नंबर आधी लागत होता. नियम मला पटला आहे. चिपवरची माझी नजर मात्र अजून हटलेली नाही.

तुमची,
तिर्रीवाली