आई, माहेरी का येत नाही ते

मुलुंड, मुंबई
रविवार दुपार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, काल तू फोन जरा आपटूनच ठेवलास. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेक मुंबईतच राहते म्हटल्यावर शेजारीपाजारी विचारणारच. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

२६व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं. दोन तासांनी साखर १६२ आली. १४० किंवा वर गेली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. पेढ्यांचा दोष नाही गं. बाळाला पोसणाऱ्या वारेतून सुटणारे हार्मोन्स आपल्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, आणि जास्तीचं इन्सुलिन बनवणं शरीराला झेपलं नाही की साखर चढते. बाबा, तुम्ही "माझ्याकडूनच आलं" म्हणून गप्प झालात. घरात असलं की शक्यता वाढते, खरं. पण नाकही तुमचंच आलंय, त्याची कधी तक्रार केली का मी?

पंधरा दिवस नुसत्या जेवणावर बघितलं. बशीभर पोह्यांनी दोन तासांनी १५४. तेच पोहे निम्मे करून मोडाचे मूग आणि शेंगदाणे घातले, तर ११६. हवी १२०च्या आत. लोकलमध्ये वडापावऐवजी चण्याची पुडी असते, घाटकोपर आलं की उघडते. पण सकाळची उपाशीपोटीची काही ९५च्या खाली येईना, म्हणून रात्री इन्सुलिन. सुई केसासारखी आहे. आणि हे इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, जाते ती साखर.

"बाळ गुटगुटीत झालं तर काय बिघडलं?" असं तू म्हणालीस. फार मोठं झालं तर बाहेर येताना अडू शकतं. शिवाय माझ्या जास्तीच्या साखरेपायी ते स्वतःचं इन्सुलिन भरपूर बनवायला लागतं. नाळ कापली की माझी साखर बंद आणि त्याचं इन्सुलिन चालूच, मग त्याचीच साखर उतरते. टाचेतून थेंब काढून तपासत राहतात. त्या वेळी बाळांचे डॉक्टर हाताशी हवेत. आपल्या घरापासून चिपळूण गाठायला लागणारा तास मला नको, एवढंच. माहेर नको असं नाही.

तेव्हा माहेरच इकडे या. ३८व्या आठवड्यापर्यंत पोहोचा, डॉक्टर तारखेपर्यंत थांबतीलच असं नाही. आई, आल्या आल्या बाळाला मध चाटवायचा नाही, पहिल्या तासात अंगावरचं दूधच. डिंकाच्या लाडवांचा डबा भरू नकोस, गुळाने साखर चढते ती चढतेच. त्यापेक्षा कुळथाचं पीठ आण, पिठी करू. वार पडली की बहुतेकींची साखर जागेवर येते, पण सव्वा महिना झाला की पुन्हा ते ग्लुकोजचं पाणी प्यायचंय. पुढेही दरवर्षी तपासायचं, कारण एकदा असं झालं की नंतर कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच वाढतो.

बाबा, तुमची मागची तपासणी कधी झाली, ते आईनं मला सांगितलंय. माझ्यासोबत लॅबमध्ये तुम्हीही यायचं.

मांडवीने आलात तर ठाण्यालाच उतरा. हे घ्यायला येतील. कोकम विसरू नका.

तुमची,
चिऊ