भोंग्याचं वाक्य

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

तुझा फोन दोनदा येऊन गेला, उचलला नाही म्हणून रागावू नकोस. एकांकिकेचं काय ठरलं ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सरळ लिहायलाच बसलो.

गेल्या आठवड्यातलं वाचन तुला आठवतच असेल. संपामुळे गिरणी सुटलेला नवरा गावच्या घरात रात्री तळमळत पडलाय आणि शेजारी पडलेली बायको विचारते, "हंय भोंगो वाजना नाय, म्हणान झोप येना नाय काय तुमका?" त्यावर आपली पोरं हसली. वाईट मनाने नव्हे, ते कळतं मला. मालवणी कानावर पडली की हसायचं, अशी सवयच झाली आहे. १९८० साली 'वस्त्रहरण' आलं, मच्छिंद्र कांबळींनी आमची बोली मोठ्या रंगभूमीवर नेली, त्याचा मला अभिमान आहे. पण आता त्या बोलीत कुणी रडलं तरी लोक पुढच्या विनोदाची वाट बघतात. दिग्दर्शक म्हणाला, संवाद प्रमाण मराठीत कर. करूनही पाहिले. "इथं भोंगा वाजत नाही म्हणून झोप येत नाही का तुम्हाला?" मोठ्याने वाचून बघ. वाक्यात चूक काही नाही, पण आई त्यात कुठेच नाही.

शेवटी कुडाळला ताईला फोन लावला. आईचं ते वाक्य मला तिनेच सांगितलेलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, बाबा शिमग्याला घरी आले ते परत गेलेच नाहीत. ती तेव्हा दहा वर्षांची, मी दोनचा. त्या घरातलं मला जे काही ठाऊक आहे ते तिच्याकडूनच.

मी माझी बाजू मांडली. म्हटलं, आपल्या दशावतारातसुद्धा राजा पुस्तकी मराठी बोलतो, मालवणी येते ती हसवणाऱ्या राक्षसाच्या, संकासुराच्या वाट्याला. पलीकडे खोबरं किसण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मगे आयेक राणी करूचा हा काय तुका?"

मला पुढे बोलताच येईना. मग म्हणाली, वाच सगळं. पाऊण तास वाचलं, मध्ये एकदाही बोलली नाही. वाचून झाल्यावर सांगितलं की प्रसंगच चुकलाय. आई ते रात्री, तोंडाकडे बघून बोललीच नव्हती. बाबा पहिल्या पाळीच्या सवयीने पहाटे उठायचे आणि खळ्यात येऊन बसायचे, पायांत चपला घालून. आई चुलीत जाळ घालत पाठमोरीच ते बोलली होती. बाबांनी उत्तर दिलं नव्हतं.

हसण्याबद्दल तिचं म्हणणं वेगळंच. "हसांदेत त्यांका पयले. पोटभर हसांदेत. मगे ता वाक्य ठेव." म्हणजे आधी दहा मिनिटं आई कोंबड्यांवर ओरडू दे, शेजारणीशी भांडू दे. आणि बाबांच्या तोंडी निव्वळ मालवणी नको. पंधरा वर्षं लालबागच्या खोलीत काढलेला माणूस, 'तेरेकु-मेरेकु' त्यांच्या बोलण्यात आलेलंच, गावात त्यावरून टिंगल व्हायची. दोघांनी एकाच घरात दोन भाषा बोलाव्यात, हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं रे! परवा रात्रीपासून तेच लिहितोय.

फक्त चपलांवरून आमचं वाजलं. रंगमंचावर अंधारात बसलेला माणूस आणि त्याच्या पायांतल्या चपला, मला तेवढ्यावर पडदा पाडायचा होता. ताई म्हणाली, "वाक्य घे. चपलो नको. ते बाबांचे." मी पुष्कळ समजावलं, तिचा आवाज ओला झाला तेव्हा थांबलो. त्या काढल्या आहेत. शेवट अजून सापडलेला नाही.

शनिवारी पुन्हा वाचन आहे. नक्की ये, मागे बस आणि भोंग्याच्या वाक्यापर्यंत हसू कुठे थांबतं तेवढं लक्ष देऊन ऐक. चपलांचं फक्त तुला लिहिलंय, ग्रुपमध्ये कुणाजवळ काढू नकोस.

तुझाच,
मी