सारंग, चैती आणि उन्हाळ्याची इतर गाणी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

उन्हामुळे तुमच्या सोसायटीने चैत्रगौरीचं हळदीकुंकू सकाळी अकराला ठेवलं, हे गाणाऱ्याच्या दृष्टीने फार बरं झालं. नागपूरच्या बायका साडेबाराच्या आत आपापल्या घरी पोचतील आणि तुला सारंग, म्हणजे दुपारचा राग, गाता येईल. संध्याकाळी सहाला तो बसला नसता.

उन्हाळ्याच्या गाण्यांची यादी मागितलीस, ती छोटीच आहे. आपल्याकडे पावसाची गाणी हवी तेवढी मिळतात, उन्हाची शोधावी लागतात. म्हणून शब्दांत ऊन कुठे आहे ते बघत बसू नकोस. ज्या स्वरांत दुपार आहे ते आधी घे, म्हणजे पुढची गाणी आपोआप ठरतात. सुरुवात वृंदावनी सारंगाने कर आणि त्याला सोळा-सतरा मिनिटं दे. विलंबित, म्हणजे अगदी संथ लय, नको. हळदीकुंकवात बायकांची ये-जा चालू असते, त्यात विलंबिताची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुणालाच सापडत नाही. मध्यलय तीनतालातली ‘बन बन ढूँढन जाऊँ’ तुला येतेच. आधी चार मिनिटं आलाप, मग बंदिश आणि शेवटी सात-आठ ताना, तेवढं पुरे.

या रागात गंधार आणि धैवत नाहीत. चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल, एवढंच व्याकरण. पण चुका इथेच होतात. पहिली चूक मध्यमावरून रिषभावर येताना. मींड घेतलीस, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेलीस, की आवाज मधल्या गंधाराला शिवून जातो. तुला ते कळणारही नाही, पण समोर बसलेल्या जाणत्या बाईला कळेल. म्हणून ‘म रे’ सुरुवातीला मींडेशिवाय, दोन सुटे स्वर म्हणून घोट. दुसरी चूक उतरताना. कोमल निषादावरून पंचमावर येताना धैवताचा नुसता स्पर्श झाला तरी देस राग सुरू होतो, कारण देसाचा आरोहही हाच आहे. तिसरी चूक शुद्ध निषादाची. कोमल कानात बसलेला असतो, त्यामुळे चढताना शुद्ध निषाद थोडा खाली लागतो. ‘म प नी’ म्हणून निषादावर थांब, पेटीवर तपास, मगच सां घे. पेटी सतत वाजत ठेवून हा रियाज करू नकोस, नाहीतर कान पेटीवर विसंबतो.

चौथी गोष्ट चुकीपेक्षा स्वभावाची आहे, आणि तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. वृंदावनीतला शुद्ध निषाद काढला की मधमाद सारंग उरतो: सा रे म प आणि कोमल नी. हेच पाच स्वर मेघ या पावसाच्या रागाचेही आहेत. दुपारचं रणरणतं ऊन आणि भरून आलेलं आभाळ, दोन्ही त्याच पाच स्वरांत. फरक रिषभ कसा लावायचा यात आहे. मेघात तो मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन झुलतो आणि निषाद मींडेने पंचमाकडे येतो. सारंगात रिषभ सरळ, लांब आणि न हलता उभा राहतो. तुझ्या गळ्याला आंदोलनाची सवय आहे आणि ती एरवी गोड लागते, पण इथे रिषभ हलवलास की चैत्रात ढग येतील. ‘नी सा रे’ म्हणून रिषभावर एक अख्खा श्वास संपेपर्यंत थांब. रोज दहा वेळा एवढंच कर. हा रिषभ जमला की बाकीच्या सारंगाची मला काळजी नाही.

तुझा सा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. त्यात एक सोय आहे, ती पेटीवाल्याला आधीच सांग. काळी चारवरून मधमादाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात: सा चारवर, रे पाचवर, म वरच्या एकवर, प दोनवर, कोमल नी तीनवर. वृंदावनीसाठी फक्त एक पांढरी लागते, ती पांढरी पाच, म्हणजे शुद्ध निषाद. दुसऱ्या कुठल्याही पांढरीला बोट लागलं तर ते चुकलंच समजायचं. नवख्या पेटीवाल्यालाही हे लगेच कळतं.

आता वाद्यांचं. नागपुरात हाच भाग सगळ्यात जास्त बिघडतो.

उन्हात तंबोऱ्याच्या तारा तापून सैल पडतात आणि सूर उतरतो. तबल्याचं उलटं होतं. कोरड्या हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, आवळते आणि दाहिना, म्हणजे उजवा तबला, चढतो. म्हणजे घरून दोन्ही जुळवून आणलेस तरी हॉलमध्ये पोचेपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना झालेली असतात. त्यात हॉलमध्ये कूलर असतो. त्याची ओलसर हवा पुडीवर आली की पाच-दहा मिनिटांत दाहिना उतरतो आणि बायाँ भदभद वाजतो. म्हणून वाद्यं दहाच्या सुमारास हॉलमध्ये आणा, गवसण्या काढा आणि कूलर चालू करून वीस-पंचवीस मिनिटं तशीच ठेवा. सूर त्यानंतर लावायचा. पेटी जवळजवळ हलत नाही, तेव्हा तिच्यावरून तंबोरा लावा आणि तंबोऱ्यावरून तबला. कूलर श्रोत्यांच्या मागे ठेवायला सांग, झोत गाणाऱ्यांकडे नको. आलापाची चार मिनिटं तो बंदच कर, कारण मोटरची घरघर तुझ्या खालच्या षड्जाच्या आसपास घुटमळते आणि कान फसतो.

तंबोऱ्याची पहिली तार पंचमात ठेव. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंटी सरकते, तेव्हा तिला खडू लाव आणि पिळताना आतही दाब. बारीक फरक तारेतल्या मण्याने काढ, दरवेळी खुंटीला हात घालू नकोस. तार सुरात असूनही नाद बंद वाटला तर तारेखालचा जवारीचा धागा किंचित पुढे-मागे करून बघ. आणि तंबोरा बंद गाडीत दहा मिनिटंही ठेवू नका. भोपळ्याला चीर गेली की दुरुस्ती होते, पण तो पहिला नाद परत येत नाही.

सारंगानंतर ‘राम जन्मला’ घे. गदिमांच्या शब्दांवर सुधीर फडक्यांनी बांधलेलं गीतरामायण 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्याच दिवशी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. त्यातलं हे गाणं सगळे रामजन्माचं म्हणून म्हणतात, पण ते नीट वाच. चैत्र आहे, शुद्ध नवमी आहे, वारा सुगंधी असूनही उष्ण आहे आणि भर दुपारी सूर्य डोक्यावर थांबलाय. मराठीत याहून चांगलं उन्हाळ्याचं गाणं मला तरी सुचत नाही. शब्द तीन-तीन मात्रांत पडतात: चैत्र, मास, त्यांत, शुद्ध. हे तुकडे तोडून म्हटले की गाणं पाढ्यांसारखं होतं, म्हणून एका श्वासात निदान चार तुकडे बसव. ‘उष्ण’ मधला ‘ष्ण’ स्पष्ट ऐकू यायला हवा. पुष्कळांच्या तोंडी तो ‘उश्न’ होतो. वेळेचा अंदाज ठेवून हे बाराच्या आसपास येईल असं बघ.

पुढे चैती. ही बनारसकडची गाण्याची तऱ्हा, आणि फक्त चैत्रात गायची. इथे एक खोच आहे. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे आपल्या चैत्राचा उत्तरार्ध म्हणजे त्यांचा वैशाख. तुमचं हळदीकुंकू पौर्णिमेच्या आत आहे म्हणून चैती चालेल. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात असतं तर मी नको म्हटलं असतं.

‘एही ठैयाँ मोतिया हेराय गइली हो रामा’ घे. दीपचंदी तालाच्या चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार. ओळीच्या शेवटचा ‘हो रामा’ प्रत्येक वेळी एकसारखा म्हटलास तर चैती तिथेच मेली. एकदा सरळ म्हण, एकदा ‘हो’ वर थांबून, एकदा ‘रामा’ खाली सोडून. हा राम देवळातला नाही, नुसती हाक आहे, तेव्हा भजनासारखं गाऊ नकोस. मोती इथेच कुठेतरी हरवलाय आणि बाई तो शोधतेय, एवढाच मामला. ‘गइली’ मधला ‘इ’ वेगळा उच्चार, ‘गैली’ नको. अंतऱ्यानंतर तबलजी केरवा तालात लग्गी, म्हणजे जलद बोल, वाजवेल, तेव्हा तू मुखडाच, म्हणजे पहिली ओळच, धरून ठेव आणि परत दीपचंदीत कधी यायचं ती खूण आधी ठरवा. न ठरवता केलं की तिथे हमखास गोंधळ होतो. गिरिजादेवींची चैती ऐक आणि शोभा गुर्टूंचीही. गुर्टू बेळगावच्या, त्यामुळे आपल्याकडचा गळा ते बोल कसे घेतो हे त्यांच्याकडून कळेल.

मुलं कंटाळलेली असतील, त्यांना ‘झुकझुक झुकझुक अगीनगाडी’ ला पुढे बोलाव. तुझ्या काळी चारमध्ये मुलांचा आवाज खाली बुडतो. त्यांचा सा काळी एकवर घे. तबला बदलावा लागणार नाही, कारण काळी चार हा काळी एकचा पंचमच आहे. मुलं लय पळवतात, आणि गाडीचं गाणं म्हटल्यावर जास्तच. पहिलं कडवं अगदी सावकाश सुरू कर आणि टाळ्या तबल्यावर द्यायला लाव, एकमेकांकडे बघून नाही.

शेवटी कुणीतरी पावसाच्या गाण्याची फर्माईश करणारच. चैत्रात मेघ किंवा मल्हार अजिबात काढू नकोस. ‘सावन आए या न आए’ म्हण. ‘दिल दिया दर्द लिया’ (1966) मधलं, नौशादांचं. शब्दांत श्रावण आहे आणि चाल वृंदावनी सारंगातली. फर्माईशही पुरी होते आणि तुझी दुपारही मोडत नाही. मूळ गाणं रफी आणि आशाबाईंचं द्वंद्वगीत आहे. एकटीने गाताना दोन्ही बाजू म्हणायची धडपड नको, एक अंतरा गाळ. सारंगातला तुझा रिषभ तिथेही तसाच सरळ ठेव.

गाण्याआधी तासभर माठातलं पाणी थोडं थोडं पीत राहा. फ्रिजचं नको. पन्हं आणि कैरीची डाळ गाऊन झाल्यावर. आयोजक आग्रह करून आधीच वाटी हातात देतील, ती बाजूला झाकून ठेवायला सांग. आंबटाने घशात कफ धरतो आणि पहिला बळी वरच्या षड्जाचा जातो.

पेटीवाल्याचं आणि तबलजीचं नक्की झालं की कळव. तबलजीला दीपचंदीची सवय नसेल तर त्याला आदल्या दिवशी घरी बोलावून अर्धा तास चैती वाजवून घे. सारंगाला तालमीची एवढी गरज नाही.

तुझी,
आई