स्टेम सेलच्या जाहिरातीत ट्रायलचा क्रमांकही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीत ‘न जुळणारे हाड स्टेम सेलने जुळवा’ असा मजकूर पानभर आला आहे. ती जाहिरात असल्याचे कोपऱ्यात, चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिले होते. मी सरकारी रुग्णालयाच्या ऑर्थोपेडिक थिएटरमध्ये २६ वर्षे सहायक होतो, म्हणून लिहितो.

त्यात सगळेच खोटे नाही. मोडलेले हाड शरीरच जुळवते, डॉक्टर ते जागेवर धरून ठेवतात. घोडे अडते ते बहुधा नडगीच्या खालच्या भागात. तिथे हाडावर मांस नाही, रक्तपुरवठा बेताचा. त्यात उघडी जखम, वाढलेली साखर नाहीतर तंबाखू असली की महिनोन्‌महिने एक्स-रेवर फट तशीच. अशा फटीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज (मज्जा) सोडायचा, हा विचार रास्त आहे. हाड तयार करू शकणाऱ्या थोड्या पेशी त्या मगजात असतात; त्यांनाच जाहिरातीत स्टेम सेल म्हटले आहे.

पण किती थोड्या! आमचे सर मगज काढत तेव्हा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) फिरवलेली सिरिंज मी हातात देत असे. दोन-तीन मिली ओढले की ते थांबत, सुई जरा फिरवत, मग पुढचे ओढत. मी नवखेपणी म्हटले, ‘सर, येतंय की, भरून घ्या.’ ते म्हणाले, ‘आता येतंय ते नुसतं रक्त.’ एकाच जागेवरून ओढत राहिले तर सिरिंज भरते, कामाच्या पेशी वाढत नाहीत.

हीच गोष्ट फ्रान्समधले सर्जन फिलिप एर्निगू यांनी २००५ मध्ये आकड्यांत मांडली. न जुळलेल्या ६० नडग्यांत त्यांनी मगज दाट करून सोडला. ५३ जुळल्या. उरलेल्या सातांत सोडलेल्या मगजात या पेशी कमी होत्या. आकडा मोठा आहे, पण शेजारी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही खरे. गंमत म्हणजे या पेशींचे नाव १९९१ मध्ये रूढ करणारे अमेरिकेचे आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये ‘स्टेम सेल हे नाव आता बदला’ असे लिहिले. या पेशी मुख्यतः आसपासच्या पेशींना कामाला लावतात, असे त्यांचे म्हणणे.

माझ्या मेहुण्याची नडगी उसाच्या ट्रॉलीखाली सापडली. रॉड घातला, दहा महिने झाले, तरी फट. जाहिरातीतल्यासारख्याच एका क्लिनिकने अडीच लाख सांगितले. मी फोनवर दोनच प्रश्न विचारले: पेशी मोजता का, आणि ट्रायलचा, म्हणजे रुग्णांवर चाललेल्या चाचणीचा, नोंदणी क्रमांक काय? पहिल्यावर ‘आमची मशीन इम्पोर्टेड आहे’ हे उत्तर. दुसऱ्यावर फोन ठेवला.

दुसरा प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतले मज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर हा मान्य उपचार नाही. करायचा तर तो ट्रायल म्हणून, एथिक्स कमिटीच्या मंजुरीने. ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत व्हावी लागते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. ट्रायलमधल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. मग अडीच लाख कशाचे? शिवाय अशा उपचारांची जाहिरात करू नये, असेही ही तत्त्वे सांगतात. इथे प्रश्न क्लिनिकपुरता राहत नाही, तो आपल्या पानावर येतो.

मेहुण्याचे शेवटी जुन्या पद्धतीनेच झाले. कमरेच्या हाडाचे तुकडे काढून फटीत भरले, म्हणजे साधा बोन ग्राफ्ट. तंबाखू सुटली म्हणतो. बहीण अजून खिसे तपासते. पाचव्या महिन्याच्या एक्स-रेत फटीवर नव्या हाडाचे पांढरट धुके दिसले आणि सरांनी पायावर भार द्यायला सांगितले.

माझी विनंती एवढीच: पुढच्या रविवारी ती जाहिरात पुन्हा आली, तर तिच्यात सीटीआरआयचा क्रमांक ठळक छापून घ्या. क्रमांक मिळाला नाही, तर जाहिरात परत करा. आणि ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याएवढ्या अक्षरांत हवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड